जाड पान

पुठ्ठेकाकांनी आयुष्यभरात हजारो पुस्तकं बांधली आणि त्यातलं एकही वाचलं नाही. हे ते स्वतःच सांगत, आणि सांगताना मान जरा ताठ करत. वडिलांनी त्यांना धंद्यात घातलं त्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाइंडरने आतलं वाचायचं नसतं. वाचत बसलास की शिवायचं राहिलं. आपण पानांचा क्रम बघायचा, मजकूर नाही." वडीलही बाइंडरच. बापलेकांच्या हाताखालून वकिलांचे कागद गेले, शाळांच्या हजेऱ्या गेल्या, कुणाकुणाच्या रोजनिशा गेल्या, पण या घरातून कधी कुणाचं काही बाहेर फुटलं नाही. गिऱ्हाईक विश्वासाने येई ते याचसाठी.

दुकान म्हणजे राहत्या घराची पुढची खोली. रस्त्याकडे एक खिडकी, तिच्याखाली लांब टेबल, त्यावर सुरीच्या चरांची जाळी. कोपऱ्यात पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, खिळ्यावर दोऱ्याची रिळं, आणि एका डब्यात खळ. खळ मात्र पुठ्ठेकाकांची नावाजलेली. मैदा, तुरटी आणि चिमूटभर मोरचूद. "माझी खळ कसर खात नाही, झुरळ खात नाही, आणि माझ्या पश्चात माणूसही सोडवू शकत नाही," असं ते म्हणत. आपलीच फुशारकी एक दिवस आपल्याच गळ्यात येणार, हे तेव्हा त्यांच्या गावीही नव्हतं.

घरात एक थोरलं बायबल होतं. आजोबांनी घेतलेलं, वडिलांनी दोनदा बांधलेलं. जुना करार संपतो आणि नवा सुरू होतो त्या मधल्या जागेत नोंदींसाठी रेघा मारलेली काही पानं होती. कोण कधी जन्मलं, कुणाचं लग्न कधी झालं, कोण कधी देवाघरी गेलं. आजोबांच्या तिरप्या अक्षरापासून सुरुवात, मग वडिलांचं टपोरं अक्षर. काकांच्या दोन्ही मुलांचे जन्म काकांनीच लिहिलेले. त्यांच्या वर वडिलांच्या हातची एकच ओळ होती, काकांच्या जन्माची. नवखा माणूस ते पान बघून म्हणाला असता, हा एकुलता एक दिसतोय.

पण त्या पानाच्या आधीचं पान हाताला जाड लागायचं. काकांच्या बायकोला ते लग्न होऊन आल्याच्या आठवड्यातच लागलं होतं. तिने एकदाच विचारलं. काका म्हणाले, "छपाईतली चूक आहे." ती शहाणी बाई, तिने पुन्हा विषय काढला नाही, आणि विश्वासही ठेवला नाही.

त्या जाड पानाची गोष्ट सांगायची तर आधी वडिलांची सांगावी लागते. वडील देवळात, म्हणजे चर्चमध्ये, बायबलवाचक होते. वर्षातून एकदा मत्तयाच्या पहिल्या अध्यायाची पाळी येई. अब्राहामापासून येशूपर्यंतची नावांची ती लांबलचक रांग. दुसरे वाचक पहिली दोन-चार नावं म्हणून थेट शेवटाकडे उडी मारत, आणि मंडळीही मनातून त्यांचे आभारच मानत. वडील उडी मारत नसत. एकेक नाव घेत, थांबत, पुढचं घेत. लोक खाकरत, घड्याळं बघत. पुढच्या बाकावर काकांची थोरली बहीण, ताई, धाकट्या भावाला, म्हणजे काकांनाच, कोपराने ढोसून हसवायची.

घरी आल्यावर वडील दोघांना समोर घेत. "कंटाळा आला ना? अरे, यातल्या निम्म्या लोकांनी काय केलं हे कुणालाच ठाऊक नाही. नावापलीकडे काही उरलं नाही त्यांचं. तरी देवाने एकही गाळलं नाही. मग गाळणारे आपण कोण?" आणि त्यातल्या बायकांवर आले की त्यांना चेव चढे. तामार आहे, सासऱ्यापासून गरोदर राहिलेली. राहाब आहे, जिच्या दारावरून जाताना लोक मान फिरवत असतील. परक्या मुलखातली रूथ आहे. आणि उरीयाची बायको आहे, राजाने दुसऱ्याच्या घरातून उचललेली, म्हणजे राजाचं पापसुद्धा लपवलेलं नाही. "दुसऱ्या कुणी ही वंशावळ लिहिली असती, तर आधी या चौघींवर शाई फिरवली असती. येशूच्या घराण्यात त्या आहेत, ताठ मानेने आहेत."

बोलणं सोपं असतं. ते आपल्या घरात शिरतं तेव्हा माणसाची परीक्षा होते, आणि या परीक्षेत वडील नापास झाले.

ताई सव्विसाव्या वर्षी लग्नावाचून गरोदर राहिली. माणूस छापखान्यातला होता, त्याचं दुसऱ्या गावी लग्नाचं कुटुंब होतं. तो एका सकाळी पेटी उचलून गेला. वडिलांनी आवाज चढवला नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची. पोट दिसायच्या आत तू कुठेतरी जा," एवढंच म्हणाले. ताई गेली, दूरच्या शहरात एका मैत्रिणीकडे. भाऊ तेव्हा बावीस वर्षांचा घोडा होता. दारापर्यंत जाऊन तिची पिशवी धरता आली असती. तो मूग गिळून टेबलाशी बसून राहिला, सुई ओवत.

काही महिन्यांनी पत्र आलं. वडिलांनी ते उभ्याउभ्या वाचलं, खिशात घातलं, आणि बायबल घेऊन आतल्या खोलीत दार लावून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते टेबलावर उघडं ठेवलं. डावं पान रद्दीच्या कागदाने झाकलेलं होतं. म्हणाले, "उजवं पान कोरं आहे. त्याला सगळीकडून खळ लाव. कागद ओढ आणि मीट. शिकंज्यात घाल."

डाव्या पानावर काय आहे हे भावाला माहीत होतं. वडिलांची दोन मुलं: वर ताई, खाली तो. त्याने खळ लावली. रद्दीचा कागद ओढला तेव्हा पान क्षणभर उघडं पडलं होतं. नजर खाली केली असती तर दिसलं असतं. त्याने खिडकीकडे बघितलं आणि पान मिटलं. बाइंडरने आतलं वाचायचं नसतं. भित्र्या माणसाला नियम किती कामाला येतात बघा.

त्यानंतर वडिलांनी पुढच्या पानावर मुलाचं एकट्याचं नाव उतरवलं. देवळातलं वाचनही त्यांनी सोडलं. डोळे गेले म्हणून सांगत, पण दोरा मात्र मरेपर्यंत स्वतःच ओवत. बारा वर्षांनी ते गेले. ताईला कळवलं नाही.

या सगळ्याला एक्केचाळीस वर्षं झाली, आणि एका दुपारी दुकानाच्या पायरीवर एक बाई येऊन उभी राहिली. चष्मा, आखूड केस, हातात लहान बॅग. काकांनी मान वर केली आणि त्यांच्या हातातली घड्या घालायची हाडाची पट्टी टेबलावर पडली. कपाळ, नाक, उभं राहायची ढब, सगळी ताई.

"मामा, मी तुमची भाची," ती म्हणाली. "दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. पाणी मिळेल?"

कसली रडारड नाही, कसला आरोप नाही. पाणी पिऊन तिने सांगितलं. आईचं दुखणं हाताबाहेर गेलंय. डॉक्टर महिन्याची भाषा करतात. आयुष्यभर दवाखान्याच्या धुलाईत चादरी इस्त्री करून तिने मुलीला शिकवलं, कुणापुढे हात पसरला नाही. आता एकच गोष्ट विचारत राहते. "तिच्या एका मैत्रिणीने तिला मागे सांगितलं होतं, तुमच्या बायबलातून तिचं नाव गेलंय म्हणून. तिला एवढंच हवंय, की ते खरवडून काढलंय का नुसतं झाकलंय. म्हणते, खरवडलं असेल तर मी बाबांची कुणी नव्हते. झाकलं असेल तर निदान होते."

काकांना उत्तर माहीत नव्हतं. वडील आदल्या दिवशी दार लावून काय करत होते? धारदार सुरी आणि शाई, दोन्ही त्यांच्याजवळ होती. आणि पान मिटणाऱ्याने बघितलं नव्हतं.

"उघडून बघा की," आतून बायको म्हणाली. तिने सगळं ऐकलं होतं. "छपाईतली चूक केव्हातरी दुरुस्त करावीच लागते."

काका खुर्चीत बसले. "पान फाटेल. माझी खळ आहे ती. सोडवताना अक्षरं उचलून आली तर उरलंसुरलंही जाईल. मग हिला काय सांगू?"

"न उघडता काय सांगणार आहात?" भाची म्हणाली. काकांनी उठून फळीवरचं बायबल खाली काढलं.

तीन दिवस लागले. आयुष्यभर बांधायचं काम केलेला माणूस उसवायला बसला. टीपकागद भिजवून, पिळून पानावर ठेवायचा, वर काच, अर्धा तास थांबायचं. मग पातळ पट्टी कोपऱ्यातून केसभर आत सरकवायची. मोरचूद घातलेली खळ दगडासारखी बसली होती, आणि दर खेपेला काका स्वतःच्या कसबाला शिव्या घालत होते. भाची शेजारी स्टूलावर बसून काच उचलायची, ठेवायची. तिचा हात स्थिर होता. दुकानाची फळी त्या तीन दिवसांत उघडली नाही.

काकांनी खालून सुरुवात केली होती. दोन नावं वर, खाली सगळं कोरं. खालचा भाग फाटला तरी बिघडत नाही, तिथे हात बसला की मग वर जायचं, असा हिशोब. पहिल्या दिवशी कोरा कागद सुटत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टी सरकली आणि तिच्या टोकाशी काळं काहीतरी दिसलं.

"इथे काही नसायला हवं," काका पुटपुटले. चष्मा पुसला. शाई होती. वडिलांचं टपोरं अक्षर, त्यातला एक आकडा.

आणखी दोन तास. मग तारीख पूर्ण दिसली. काकांनी ती मोठ्याने वाचली, आणि शेजारी काच उचलायला पुढे झालेला हात तसाच राहिला.

"मामा," भाची म्हणाली, "ही माझी तारीख आहे."

संध्याकाळपर्यंत ओळ मोकळी झाली. तिचं नाव होतं, पत्रातून कळलेलं. पुढे तिच्या आईचं नाव, 'हिची मुलगी' असं लिहून. बापाची जागा रिकामी सोडलेली नव्हती. तिथे लिहिलं होतं, 'माझी नात'. ताईचं नाव तिसऱ्या दिवशी सुटलं. एका अक्षराची वेलांटी उचलून समोरच्या पानावर गेली, बाकी सगळं जागच्या जागी. त्यावर ना सुरी फिरली होती, ना शाई.

काका टेबलावर डोकं ठेवून रडले, त्रेसष्ट वर्षांचा माणूस. वडिलांनी नाव खोडलं नव्हतं. उलट आत बसून नातीला घराण्यात घेतलं होतं, आणि मग लोकांच्या भीतीने दोघींना मुलाच्या हाताने गाडून टाकलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. ताईला जे हवं होतं ते एक्केचाळीस वर्षं या घरातल्या फळीवर पडून होतं. नजर फक्त खाली करायची होती. त्या दिवशी वाचलं असतं तर तो धावत सुटला असता, वडिलांशी भांडला असता, निदान एक पत्र तरी लिहिलं असतं. निदान असं त्यांना आता वाटत होतं.

चौथ्या दिवशी काका बायबल कापडात गुंडाळून भाचीबरोबर निघाले. बायकोने फक्त एवढंच सांगितलं, "रडायचं ते वाटेत रडून घ्या. तिच्यासमोर वाचायचंय तुम्हाला."

ताईची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. पलंग, औषधांचं स्टूल, भिंतीला टेकवलेली इस्त्रीची फळी. पलंगावर एवढीशी उरलेली म्हातारी. तिने भावाकडे बघितलं.

"टक्कल पडलं की रे तुला," ती म्हणाली.

काका पायाशी बसले. "ताई, मी..."

"ते राहू दे. खरवडलंय का झाकलंय?"

"झाकलंय. मीच झाकलं. या हातांनी."

तिने डोळे मिटले. बरंच काही तिच्या चेहऱ्यावरून उतरून गेलं. मग म्हणाली, "वाच. पण बाबांसारखं. आधी ती मोठी नावं, मग आपली."

काकांनी मत्तय उघडला. एकेक नाव घेत, थांबत वाचत गेले. अब्राहाम, इसहाक, याकोब. तामार आली तेव्हा ताईची बोटं चादरीवर हलली. राहाब आली, रूथ आली, उरीयाची बायको आली. काकांनी एकही नाव सोडलं नाही. मग मागची पानं उलटून ते घरच्या पानांवर आले. आजोबा, आजी, वडील, आई. ताईचं नाव त्यांनी वेलांटीसकट घेतलं. नंतर भाचीचं, 'माझी नात' यासकट. भाची खिडकीकडे तोंड करून उभी होती.

काकांनी बायबल मिटायला घेतलं.

"थांब," ताई म्हणाली. तिने हात पुढे करून पान धरलं. तिच्या नावाच्या खाली आणि तिच्या मुलीच्या नावाच्या वर एक ओळ होती. काकांनी ती गाळली होती. ती वाचायला त्यांची जीभ वळली नव्हती.

"तुझं राहिलं," ती म्हणाली. "बाबा एकही नाव गाळायचे नाहीत."

काकांनी पान पुन्हा समोर घेतलं आणि स्वतःचं नाव वाचलं.