कसली सुई?

"सुया झाल्यात की समद्या," असं म्हणून मंगलनं पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

तिला हिपॅटायटिस बी आहे, असं डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं. म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या विषाणूमुळं होणारा यकृताचा आजार, आणि तिचा फार जुना. "दवाखान्यात काम करता ना? मग लस घेतली नव्हती?" असं त्यांनी विचारलं, म्हणून ती पिशवी बाहेर आली. आत नीट घडी घातलेल्या नऊ चिठ्ठ्या होत्या. डॉक्टर एकेक उलगडत गेले आणि मी शेजारून वाचत गेलो. नऊही चिठ्ठ्यांवर टीटी लिहिलेलं. टीटी म्हणजे धनुर्वाताची लस. हिपॅटायटिसची एकही नव्हती.

मंगल आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत होती, वही तपासायला दिलेली पोरं बघतात तशी. माझी बायको लिहायला-वाचायला जेमतेम शिकली होती, पण कागद जपायची.

आता माझी लाज सांगतो. मी जुळे सोलापुरात औषधाच्या दुकानात काम करतो, वीस वर्षं झाली. हिपॅटायटिस बीची लस आमच्या फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात असते. वीज गेली की आधी तिचीच काळजी. शेकडो लोकांना मी ती बर्फाच्या पिशवीत घालून दिली, वर "तीन डोस पुरे करा हं" असा शहाणपणाही शिकवला. बायकोला मात्र एकदाच विचारलं होतं, "सुई घेतलीस का गं?" ती म्हणाली, "व्हय की, कवाच." मी पुढं जेवायला लागलो.

आमच्याकडं लस म्हणजे सुई, इंजेक्शन म्हणजे सुई आणि हाताला लागते तीही सुईच. मंगल एका खासगी दवाखान्यात मावशी होती. मळक्या चादरी गोळा करायच्या, कचऱ्याच्या पिशव्या बांधायच्या. चादरीत एखादी राहिलेली सुई बोटात घुसली की सिस्टर टीटी द्यायच्या आणि सही घ्यायच्या. ती घरी येऊन सांगायची, "आज सुई लागली, पन लगेच सुई दिली." मला ते ऐकून बरंच वाटायचं.

असला कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला धनुर्वात आणि हिपॅटायटिस बी या दोन्हींची लस द्यायची, असा नियम आहे. नियमात दोन नावं आहेत, मंगलच्या वाट्याला एकच आलं. मी पिशवी घेऊन तिच्या दवाखान्यात गेलो तेव्हा मॅनेजर म्हणाले, "त्या ठेकेदाराकडच्या होत्या." ठेकेदार म्हणाला, "सुई दिलेली हाय की, सही बगा." सही तिचीच होती.

डॉक्टरांनी मात्र मला भांडायला सोपं कारण दिलं नाही. "सुईतूनच झालं असं आज छातीठोकपणे सांगता येणार नाही," ते म्हणाले. "लस वेळेत मिळाली असती तर बहुतेक टळलं असतं, एवढं म्हणेन." त्या 'बहुतेक'वर मी अजून अडकलेलो आहे.

मग तपासण्या सुरू झाल्या. सोनोग्राफीत सिरोसिस दिसला, म्हणजे यकृत आकसून घट्ट झालेलं. पोटात पाणी साठलं होतं, त्याला असायटिस म्हणतात. तिचं पोट सहा महिने फुगत होतं आणि मी दुकानातून गॅसचं औषध आणून देत होतो. सीटी स्कॅनमध्ये यकृतात मोठी गाठ निघाली. तो कॅन्सर होता. बाहेरच्या बाकड्यावर मंगल शेजारच्या बाईला चटणीत शेंगदाणे किती घालायचे ते सांगत होती, आणि आत डॉक्टर मला सांगत होते, "ऑपरेशनची वेळ गेलीय. आता त्रास कमी करणं आपल्या हातात आहे."

घरच्यांचं रक्त तपासायला सांगितलं. टेंभुर्णीला दिलेली आमची मुलगी दीपाली आली. तिचा आणि माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला. दोघांनाही लस सुरू करायची होती, आज एक, महिन्यानं दुसरी, सहाव्या महिन्यात तिसरी. माझ्या पहिल्या डोसला मंगल हट्टानं शेजारी येऊन बसली. मी बाही वर केली तशी म्हणाली, "आवो, कसली सुई ती इचारा की आदी." सिस्टर हसल्या, मंगलही हसली. मला रडू आलं.

दोन महिन्यांनी उजव्या कुशीत दुखायला लागलं. साध्या गोळ्या चालेनात, काही तर अशा यकृताला चालतच नाहीत. भिंतीला पाठ लावून ती दुपारभर डोळे मिटून बसायची, बोलायची नाही. बोलणं थांबलं की समजायचं, लई दुखतंय.

डॉक्टरांनी मॉर्फिन सांगितलं. मॉर्फिन म्हणजे अफूपासून बनणारं कडक वेदनाशामक. आमच्या दुकानात ते मिळत नाही. नशेसाठी वापर होऊ नये म्हणून कायद्याचा पहारा असतो, मान्यता असलेल्या मोजक्या दवाखान्यांतच ते ठेवतात. काउंटरच्या आत उभं राहून मला हा कायदा फार आवडायचा. एकदा एक माणूस आईसाठी ह्या गोळ्या विचारत आला होता. मी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हणालो होतो, "असली नावं हितं काढायची न्हाईत." तो मान खाली घालून गेला. त्याची आई किती दिवस कण्हत राहिली असेल, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

आता मी चिठ्ठी घेऊन तीन दवाखाने फिरलो. एका ठिकाणी खिडकीतल्या माणसानं माझ्याकडं तसंच बघितलं, जसं मी बघितलं होतं. चौथ्या ठिकाणी पॅलिएटिव्ह केअरचा विभाग होता. बरा न होणाऱ्या आजारात वेदना कमी करणारा विभाग. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधारकार्ड बघितलं, फॉर्म भरून घेतला, रिकामी पाकिटं परत आणायला सांगितली. मग म्हणाल्या, "काका, घाबरू नका. ही नशा नाही, हे औषध आहे. यकृत कमजोर आहे म्हणून अर्ध्या गोळीपासून सुरू करू." त्या अर्ध्या गोळीसाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. पहारा हवाच, पण फाटक कुठं आहे हे माणसाला कुणीतरी सांगायला हवं.

अर्धी गोळी घेतल्यावर तासाभरानं मंगलनं फणी मागितली. केस विंचरले, चहा मागितला, मग म्हणाली, "ह्या गोळ्या तुमच्या दुकानात न्हाईत व्हय? मग कसलं दुकान हाय ते!"

पुढचे दिवस तसे शांत गेले. ती थकत गेली, झोप वाढली. पाचव्या महिन्यात एका सकाळी, दीपाली तिचे पाय चेपत असताना, ती गेली. उरलेल्या गोळ्या मी नियमाप्रमाणं परत दिल्या. डॉक्टरबाईंनी खुर्चीवर बसवून पाणी दिलं.

तुमच्या घरातलं कुणी दवाखान्यात झाडलोट करत असेल, चादरी धूत असेल, कचरा उचलत असेल, तर आज जेवताना विचारा. "सुई घेतली का?" एवढंच विचारू नका, त्याचं उत्तर मला मिळालं होतं. कसली सुई, किती वेळा, हे विचारा आणि चिठ्ठी स्वतः वाचा. आणि घरात कुणी वेदनेनं तळमळत असेल तर एका दुकानाच्या नकारावर थांबू नका. नकार देणारा माझ्यासारखाच अडाणी असू शकतो. मंगलच्या जागी आलेली बाई दुकानात येते. तिचे दोन डोस झालेत, मी कार्ड बघितलंय.

सहाव्या महिन्यात माझा तिसरा डोस होता. आमच्याच फ्रिजमधली लस बर्फात घालून सिस्टरांकडं नेली. बाही वर केली. शेजारची खुर्ची रिकामी होती.

"कसली सुई आहे ही?" मी विचारलं.

"काका, तुम्हीच आणलीय की," सिस्टर म्हणाल्या.

"तरी वाचून दाखवा."

त्यांनी बाटली उजेडात धरली आणि सावकाश वाचलं, "हिपॅटायटिस बी."

घरी येऊन मी माझं कार्ड मंगलच्या पिशवीत ठेवलं. नऊ चिठ्ठ्यांच्या त्या पिशवीत हे नाव लिहिलेला तो पहिलाच कागद.