मधल्या वेळची अडीचकी

खांब उदबत्तीच्या काडीएवढा निघाला. सात मजली इमारतीचा, तळमजल्यावरचा खांब. साडेचार वाजत आले होते आणि पाचच्या आत नातीला हे सगळं गणित कॉलेजच्या वेबसाइटवर चढवायचं होतं. नाही चढवलं तर परीक्षेला बसू देणार नव्हते.

"आजी, काय दाबलंस?"

"तू सांगितलंस तेच."

हे खरं होतं. नात सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे. स्कूटरवरून पडली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. मुलगा-सून खराडीला, ऑफिसात. तेव्हा तिने डाव्या हाताने लॅपटॉपवर टाइप करायचं आणि कॅल्क्युलेटरची बटणं मी दाबायची, असं ठरलं. मी चौथी शिकलेय. आकडे ओळखते आणि बोटं शाबूत आहेत. याहून जास्त काही लागत नव्हतं.

ती म्हणायची, "आन्स गुणिले दीड." मला ऐकू यायचं अंश. शाळेत अंश वर आणि छेद खाली असायचा, म्हणून मी विचारलं, छेदाचं बटण कुठेय. ती इतकी हसली की प्लास्टर टेबलावर आपटलं. मग म्हणाली, "मागचं उत्तर मशीन लक्षात ठेवतं. पुन्हा टाइप करायला नको, म्हणून हे बटण. तू अंश म्हण, चालेल."

चालेल म्हणाली, म्हणून मी चालवलं. अंश म्हणजे मागे उरलेला भाग, ज्याचं गणित त्याचा अंश त्याला, असं मी धरून चालले.

दुपारभर खपून त्या खांबावर येणारा इमारतीचा भार निघाला आणि तेवढ्यात तिला मैत्रिणीचा फोन आला. ती बोलत गॅलरीत गेली. मशीन माझ्यासमोर नुसतं पडलेलं. म्हटलं, एवढी मिजास आहे, तर अडीचकी येते का बघू. सात अडीच साडेसतरा. बरोबर आलं. मग मी आकडे पुसून ठेवले. दुसऱ्याच्या ताटात उष्टं ठेवायची मला सवय नाही. ती परत आली, म्हणाली, "आन्स भागिले दहा, मग त्याचं वर्गमूळ." मी दाबलं, आणि काडी निघाली.

"काडीवर सात मजले," ती म्हणाली.

"बारीक माणसं बघून फ्लॅट दे."

"आजी, प्लीज."

"मग बिघडलं असेल. बंद करून चालू करते." टीव्हीला आम्ही हेच करतो. माझं बोट बटणावर टेकणार, तोच तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

"बंद केलंस तर मागची गणितं जातील. भार मी लिहून घेतला नाहीये."

"का नाही घेतलास?"

"आन्स होतं ना."

तिने वरचा बाण दाबला. मागची गणितं एकेक करून उलटी दिसायला लागली. वर्गमूळ दिसलं, भागिले दहा दिसलं, आणि मग ती थांबली.

"हे अडीच गुणिले सात कुठल्या मजल्याचं?"

"ते माझं आहे."

"तुझं?"

"तपासत होते. मशीन चांगलंय."

तिने डाव्या हाताचं बोट आन्सच्या बटणावर ठेवलं. "आजी, ते एकच उत्तर ठेवतं. शेवटचं. कोणाचंही असो."

"मग तसं सांगायचं. अंश म्हण, चालेल, हे कोण म्हणालं?"

तिने बाण आणखी एकदा दाबला. भार तिथेच होता, धडधाकट. तो तिने मला मशीनच्या 'ए' नावाच्या कप्प्यात ठेवायला लावला. "आता तू हवी तेवढी अडीचकी म्हण, याला धक्का लागत नाही." मांजर असलेल्या घरात दूध वरच्या फळीवर ठेवतात, तसा तिचा आवाज होता.

या वेळी खांब दीड फुटाचा आला. टेकून बसता येईल असा. ती डाव्या हाताने टाइप करत सुटली, मधे मधे मला नुसतीच "हात मांडीवर" म्हणत होती. मी ठेवले. पाचच्या आत सगळं चढलं.

संध्याकाळी सुनेने आल्या आल्या विचारलं, "सबमिशन झालं का नीट?"

"झालं," नात म्हणाली. "आजीने मदत केली."

मी भाजी निवडत राहिले. त्या दुपारी घरात आम्ही दोघीच होतो, काडीची गोष्ट सांगायला तिसरं कोणी नव्हतं.