ओवीला ठेवून यायचं का? सातारा–आटपाडी–सांगली, गाडीने

ऑफिसची मेल आली तेव्हा ओवी माझ्या मांडीवर होती आणि कीबोर्डची एक निखळलेली कळ तिच्या तोंडात. आधी कळ काढून घेतली, मग मेल वाचली. आतापर्यंत सगळं घरून चालत होतं, पुढच्या महिन्यापासून आठवड्यातले तीन दिवस पुण्याला, ऑफिसात.

आम्ही साताऱ्यात राहतो. नवरा संदीप इथल्याच एका कारखान्यात आहे, पाळ्यांची नोकरी. ओवी दहा महिन्यांची. जवळच्या पाळणाघरात दीड वर्षाच्या आतलं मूल घेत नाहीत. पुण्याच्या दिवशी मला ओवी उठायच्या आधी निघावं लागेल आणि ती झोपल्यावर परत यावं लागेल, हे हिशोब न मांडताही कळत होतं. तरी मी तो मांडला.

संदीपने घरी कळवलं आणि आटपाडीहून आत्यांचा फोन आला. आत्या म्हणजे सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. त्या म्हणाल्या, "ठेव की हितं. मोठी झाली की ने." मी म्हटलं, येऊन बोलू. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी 'नाही' म्हटलेलं नाही.

तर ही सहल त्यासाठी होती. बाळाला घेऊन या बाजूला यायचं असेल तर रस्ता, खाणं, राहणं ही माहिती पुढे येईलच. पण आम्ही निघालो ते ओवीला आटपाडीत ठेवता येईल का हे बघायला. रजा फक्त संदीपची होती. माझ्याबरोबर लॅपटॉप होता.

हंगाम थंडीचाच निवडा. कोरेगाव, पुसेगाव करत वडूज गाठलं. रस्ता बहुतेक चांगला आहे, पण मधेच गतिरोधक असे येतात की झोपलेलं बाळ उठतंच. ओवीला सीटमध्ये बांधून घेणं मान्य नव्हतं. ती कमान टाकत होती आणि मी दर थोड्या वेळाने मागे वळून पट्टे तपासत होते, जे तपासायची गरज नव्हती. वडूजला स्टँडजवळच्या एका हॉटेलात भजी घेतली आणि बाळासाठी गरम पाणी मागितलं. भांडं आधी उकळत्या पाण्याने विसळून मगच हॉटेलवाल्या बाईंनी पाणी दिलं, पैसे घेतले नाहीत. कुठं निघालाय म्हणाल्या. आटपाडी, सासरी. "मग तर काळजीच न्हाई. आजीच्यात टाकायची आन् निवांत झोपायचं." चहा अर्धा ठेवून मी उठले. संदीप म्हणाला, एवढी घाई कशाची आहे. घाई कशाचीच नव्हती. मला बसवत नव्हतं.

मायणीच्या पुढे झाडं विरळ होत जातात. मी पाटणची. डोंगराची कड नसलेलं आकाश मला अजून सवयीचं झालेलं नाही. शेताशेतात ज्वारी उभी होती, हुरड्याचे दिवस होते. आटपाडीकडे वळलात की पेट्रोल भरून घ्या, आणि डायपर साताऱ्याहूनच आणा. मिळतात, पण हवा तो आकार मिळेलच असं नाही.

सासरचं घर गावाबाहेर डाळिंबाच्या बागेत आहे. मामा आणि आत्या आयुष्यभर तमिळनाडूत होते, गलाईच्या धंद्यात. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं, ते काम. या भागातली कितीतरी घरं अशी देशभर पांगलेली आहेत आणि त्यांची पोरं इथे आजी-आजोबांकडे वाढलेली आहेत. संदीपही त्यातलाच. मामा-आत्या परतून आता बरीच वर्षं झाली, पण आत्या अजून भाकऱ्या मोजतात त्या तमिळमध्ये. ओन्नु, रेंडु, मूणु. ओवीला हे फार आवडलं. ती प्रत्येक आकड्याला मान हलवायची.

ती सगळ्यांकडे गेली. दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली, जी साताऱ्यात थुंकते. आत्यांच्या पायावर पालथी पडून झोपली. मी सॉफ्टवेअरची चाचणी करते. चाचणी पास व्हायला लागली की खरं तर बरं वाटायला हवं. मी बागेच्या बांधावरून नुसत्या फेऱ्या मारत होते आणि नेटवर्क शोधतेय असं सांगत होते.

नेटवर्क तसंही शोधावंच लागलं. कामानिमित्त जाणाऱ्यांनी दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवावीत. माझ्या सिमला फक्त माडीवर, खिडकीच्या एका बाजूला रेंज होती. दुसऱ्या दिवशीची मीटिंग मी तिथून केली. पुण्याचे आमचे मॅनेजर होते आणि परदेशातला क्लायंट. मी बोलत होते, म्हणजे माइक चालू होता, आणि आत्या ओवीला कडेवर घेऊन वर आल्या. खाली अंगणातून मामांनी ओरडून विचारलं, पोरगी कुठाय. आत्यांनी तिथूनच उत्तर दिलं, "हाय, हाय, हितं हाय."

क्लायंट एकदम हसला आणि हात हलवत म्हणाला, "हाय, हाय."

आत्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि खाली वाकून मामांना सांगितलं, "आवं, त्यो बी म्हनतोय हाय."

काम करताना ओवी माझ्याजवळच असते हे मी ऑफिसात कधी सांगितलं नव्हतं. आता सगळ्यांना दिसलं. नंतर मॅनेजरांचा मेसेज आला, बाळ गोड आहे, आजी आहेत म्हणजे पुढच्या महिन्याची सोय झालीच असेल, सोमवारपर्यंत नक्की कळवा.

संध्याकाळी बागेच्या कडेला आगटी पेटवून हुरडा भाजला. बरोबर शेंगदाण्याची चटणी, दही आणि गूळ. तिथे मामांनी एक जुना किस्सा सांगितला. तीन वर्षांचा संदीप, वर्षाने घरी आलेली आई. तो आजीच्या मागे दडला आणि आजीला म्हणाला, "ही बाई कवा जानार?" मामा डोळे पुसेपर्यंत हसले. आत्याही हसल्या आणि कणसं चोळत राहिल्या. संदीप म्हणाला, बाबा, हे दर वर्षी सांगता. मी ओवीच्या तोंडातला मातीचा खडा काढला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सांगलीला निघालो. आत्यांना डोळे दाखवायचे होते, त्यांची बहीण तिथे राहते, म्हणून त्याही गाडीत होत्या. भिवघाट, मग तासगाव. तासगावच्या आधीपासून द्राक्षबागा लागतात आणि हिरवा रंग परत सुरू होतो. सांगलीत मुक्काम करायचा तर साधी स्वच्छ खोली हजार-बाराशेत मिळते. बाळ असेल तर मात्र आधी पाणी गरम येतं का बघा, 'येतं' या शब्दावर विसंबू नका. बाबागाडी गाडीतच राहू द्या. गणपती मंदिर सोपं आहे, पण पलीकडे कृष्णेच्या घाटाला पायऱ्याच पायऱ्या आहेत. आम्ही ओवीला झोळीत बांधलं होतं.

डॉक्टर झाले, दर्शन झालं, आणि संदीप भडंग आणायला गेला. घाटावर मी, आत्या आणि ओवी. पाणी संथ होतं. सोमवार जवळ आला होता आणि मी अजून कुणाशीच काही बोलले नव्हते. म्हटलं, आत्या, ओवीचं काय करायचं.

"ठेव की," त्या म्हणाल्या. फोनवर म्हणाल्या होत्या त्याच आवाजात.

मी विचारलं, तुम्ही संदीपला कसं ठेवलंत. मला पद्धत विचारायची होती. झोपवलं कसं, सवय कशी लावली, असं काहीतरी. त्यांनी दुसरंच ऐकलं.

"सासू म्हनली ठेव. म्हनायची रीतच हाय गं. सासूनं म्हनायचं ठेव, सुनेनं म्हनायचं न्हाई. सासूनं आनखी एकदा म्हनायचं, आन् सोडून द्यायचं. मी येडी, पैल्याच बोलाला व्हय म्हनले. मला वाटलं, मोठ्या मानसाला न्हाई कसं म्हनायचं."

"मग?"

"मग काय. तिला बी शब्द माघारी घेता यीना, आन् मला बी."

ओवीने त्यांच्या बांगड्या धरल्या होत्या. मी विचारलं, म्हणजे मला म्हणालात तीही रीतच होती का.

"रीत बी हाय, आन् मला पायजे बी हाय. ह्यो वास मी माझ्या पोराचा पोटभर घेतला न्हाई," त्या ओवीच्या टाळूकडे बघत म्हणाल्या. "पर तू फोनवर न्हाई म्हनली न्हाईस. तवाधरनं मला चैन न्हाई."

मला भावनेचं बोलणं जमत नाही, आणि तिथे ते लागणारही नव्हतं. लागत होता एक शब्द, आणि तो कुणी म्हणायचा हे आता स्पष्ट होतं.

"नाही ठेवत, आत्या."

"आगं, ठेव की."

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. ओवीला त्यांनी आणखी थोडी घट्ट धरली, मग माझ्याकडे दिली, आणि उठून पायऱ्यांच्या वर बघत म्हणाल्या की संदीपला फोन कर, भडंग तिखट आणू नको म्हणावं, मला सोसत नाही.

त्यांना बहिणीकडे सोडलं. त्या एसटीने परत जाणार होत्या. आम्ही दुसऱ्या सकाळी पेठ नाक्याला महामार्गावर आलो. तिथून साताऱ्यापर्यंत सांगण्यासारखं काही नाही. रस्ता मोठा, ट्रक भरपूर, आणि बाळाला भरवायचं असेल तर कराडच्या आधीच थांबा, नंतर सोयीची जागा पटकन मिळत नाही. मी संदीपला घाटावरचं सगळं सांगितलं. कराड मागे पडल्यावर तो बोलला.

"आजीकडं मला काही कमी नव्हतं. पण आई निघाली ना, की मला बरं वाटायचं. एकदा आई जाताना मी हसत होतो, आणि तिनं ते बघितलं."

मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस. तो म्हणाला, तुझी नोकरी आहे, मी सांगितलं असतं तर तो निकाल झाला असता. बरोबर होतं. तरी मला राग आला आणि तासवडे टोलपर्यंत टिकला.

सोमवारी मी ऑफिसला कळवलं की तीन दिवस जमणार नाहीत, महिन्यातून दोनदा येईन. त्यांनी नोकरीवरून काढलं नाही. आधीचं काम काढून घेतलं. जे मी सुरुवातीपासून उभं केलं होतं ते आता दुसरी मुलगी बघते, आणि मला घरून करण्याजोगं एक किरकोळ काम दिलंय, दुपारपर्यंत संपतं. उरलेल्या वेळात मी घरात फिरते. ओवीला घेऊन अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने वर जाते, खाली येते. मला या निर्णयाने शांत वाटतंय असं लिहिलं तर ते खोटं होईल. आटपाडीत ओवी मजेत राहिली असती, हेही खरं आहे.

मीटिंगच्या वेळी मी आतल्या खोलीत जाते आणि संदीप घरी असेल तर ओवी त्याच्याकडे असते. दार लावलं की ती रांगत येते, तळहाताने दारावर थापट्या मारते आणि मोठ्याने रडते. कालही रडली. क्लायंटने विचारलं, सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, हो, मुलगी आहे, मी दुसऱ्या खोलीत आले म्हणून रडतेय. माइक बंद केला आणि दार उघडायला उठले.