मोरपंखीनं गिळलेली पाटी

बागेतल्या झाडांवर नावाच्या पाट्या लावायचं काम काकांचं. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच पडून राहिलं. माळ्यापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणायचे. माणूस लाख मोलाचा, पण भिडस्त इतका की स्वतःसाठी म्हणून जन्मात कुणापुढे तोंड उघडलं नाही.

पाट्या ते लावायचे, पण अक्षर बायकोचं. ओट्यावर पत्रा ठेवून बारीक कुंचल्यानं ती वर झाडाचं रोजचं नाव लिहायची, खाली शास्त्रीय. त्या शास्त्रीय नावांचा तिला काडीचा गंध नव्हता. कागदावर असेल तसं उतरवायची आणि वर विचारायची, एवढ्या लांबलचक नावानं झाडाला हाक तरी कोण मारणार?

लग्नानंतरची तिची पहिली पाटी मोरपंखीची. काका नोकरीत नवे, त्यात नव्या बायकोच्या हातची पाटी. मग काय विचारता, पठ्ठ्यानं चार खिळे ठोकून ती खोडाला गच्च बसवली. साहेबांनी सगळ्यांदेखत झाडलं. पाटी स्प्रिंग लावून सैल टांगायची असते. खोड वर्षागणिक जाड होतं, त्याला जागा नको? पुढच्या सगळ्या पाट्या काकांनी नीट सैल टांगल्या. मोरपंखीची मात्र तशीच राहून गेली.

तीन वर्षांपूर्वी बायको गेली. यंदा नव्या अधिकारी बाईंनी यंत्रावर कोरलेल्या पाट्या मागवल्या. जुन्या सैल टांगलेल्या, त्यामुळे पक्कड लावली की निघायच्या. पंधरा दिवसांत तिची सगळी अक्षरं भंगाराच्या गाडीत गेली, तीही काकांच्याच हातांनी. एखादी घरी नेऊ का, एवढं विचारायला जीभ रेटली नाही. अहो, विचारलं असतं तर कुणी खाल्लं असतं का? पण नाही म्हणजे नाही.

शेवटी मोरपंखी उरली. तिथं बाई स्वतः आल्या, कारण या झाडाचं शास्त्रीय नावच आता वेगळं होतं. पूर्वीचं थुजा ओरिएंटालिस जाऊन प्लॅटिक्लॅडस ओरिएंटालिस झालेलं. म्हणजे आडनाव बदललं, नाव तेच. जुनं नाव बागेत एक दिवसही राहायला नको, असं बाईंचं म्हणणं, आणि ते काही चूक नव्हतं.

पाटीच्या कडा सालीत पार रुतल्या होत्या. काकांनी छिन्नी टेकवली आणि हात तिथंच थांबला. साल सोलवटेल, झाडाला इजा होईल, असं ते पुटपुटले. बाईंना ते पटलं. मग छाटणीवाल्याला बोलावू, तो पत्रा कापून अलगद काढेल, असं त्या म्हणाल्या. झालं, सबब संपली.

काकांनी छिन्नी खाली घेतली. आणि या खेपेला बोलले.

"बाई, हे आमच्या हिचं अक्षर आहे. बाकी सगळं गेलं. एवढं राहू द्या."

बाईंनी पुढे होऊन पत्र्यावरची धूळ बोटांनी पुसली. वर 'मोरपंखी' स्पष्ट दिसत होतं. खालची ओळ, ते जुनं शास्त्रीय नाव, सालीनं कधीच गिळून टाकलं होतं.

"यात चुकीचं काहीच उरलेलं नाही," त्या म्हणाल्या. मग काकांकडे वळून म्हणाल्या, "आधी का नाही सांगितलंत, काका? मी सगळ्या जपून ठेवल्या असत्या."

काकांना फार वाईट वाटलं.

नवी पाटी त्यांनी झाडापासून हातभर अंतरावर खुंट रोवून लावली, जुनीवर सावलीसुद्धा पडणार नाही अशी. काका छिन्नी पिशवीत टाकत होते, तेव्हा एका माळ्यानं हळूच सांगितलं, की झाड अजून वाढतंय, काही वर्षांत वरची चार अक्षरंही आत जातील.

"जाऊ देत," काका म्हणाले. "भंगारात तर नाही ना जाणार."