रावसाहेबांच्या गाडीचं हो आणि नाही

जुनी तार ओढली की तिच्यात गुंतलेल्या आणखी चार निघतात. रावसाहेबांच्या गाडीच्या गोष्टींचं तसंच आहे. मी चौथी नापास, देवासचा वायरमन. माझं लिहिणं आवडलं नाही तर वाचू नका.

संस्थान विलीन झालं तशी रावसाहेबांची पावरहाऊसची साहेबी गेली. घरी बसले आणि दिवाणखान्यात खेळण्यातली रेल्वे मांडली. मोटारीच्या बॅटरीवर चालायची. गाडीचा वेग कमीजास्त करायचा डबा महिन्याभरात जळला, नवा मिळेना. मग मी काचेच्या बरणीत मिठाचं पाणी भरलं आणि तांब्याचे दोन पत्रे सोडले. पत्रे खोल गेले की गाडी पळायची, वर ओढले की मंदावायची.

रावसाहेब म्हणाले, "मिस्त्री, विलायतेत याला शंभर स्क्रू लागतात."

मी म्हटलं, "तिकडं मीठ महाग असेल."

*

एकदा गाडी हलेना. तारा तपासल्या, बॅटरी तपासली. शेवटी माई, म्हणजे रावसाहेबांची बायको, म्हणाल्या, "बरणीतलं पाणी हिरवं पडलं होतं, मी बदललं. नेमावरहून नर्मदेचं आणलंय, तेच घातलं."

मी म्हटलं, "मग मूठभर मीठ टाका त्यात."

"नर्मदामाईत मीठ? तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?"

चार दिवस गाडी उभी. ते पाणी तुळशीला घातलं, बरणीत पुन्हा मिठाचं भरलं, तेव्हा सुटली.

*

दोन इंजिनं एका रुळावर आली की धडकायची. टेलिफोनचा लाइनमन ग्यारसीलाल, त्यानं जुना रिले, म्हणजे विजेनं आपोआप उघडमीट होणारा स्विच, आणून दिला. "भिया, यो तो टेलीफोन को पुर्जो है. रेल में कंई करेगो?"

मी तो असा बसवला की पहिली गाडी स्टेशनात असेपर्यंत दुसरीची वीज आपोआप बंद. देवासात संस्थानंच दोन होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. रावसाहेबांनी इंजिनांना तीच नावं दिली. शेजारचे कारकून धाकट्या पातीचे. ते चिडले, "विलीन झालो तरी आमचीच गाडी थांबायची?"

रावसाहेब म्हणाले, "थांबू द्या हो. तुमची काय, आमची काय, सुटून जायचं कुठं?"

*

मग रावसाहेबांना लकवा झाला. वाचा गेली, उजवं अंग गेलं. डाव्या हाताची दोन बोटं तेवढी राहिली. माई म्हणायच्या, "काय हवं, काय नको, काही कळत नाही हो."

मी पलंगाला दोन बटणं ठोकली आणि त्यांच्या तारा रुळाला जोडल्या. एकानं गाडी पुढं जाईल, म्हणजे हो. दुसऱ्यानं मागं, म्हणजे नाही.

पहिल्याच दिवशी माईंनी विचारलं, "गिलक्याची भाजी करू?"

गाडी मागं गेली ती भिंतीवर जाऊन आपटली. कित्येक दिवसांनी माई हसल्या.

*

पुढच्या वर्षी राहतं घर, म्हणजे पावरहाऊसचं क्वार्टर, खाली करायचा हुकूम आला. मुलगा धारहून न्यायला आला. भला माणूस, पण त्याच्या दोन खोल्या. तिथं रूळ मांडायला जागा नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रावसाहेबांनाही. माईंनी सांगून टाकलं, "माझ्याच्यानं यांना आता एकटीनं उचलवत नाही. पण हे हो म्हटल्याशिवाय मी हलणार नाही."

मुलानं वडिलांना विचारलं, "नाना, धारला यायचं ना?"

गाडी मागं गेली. पुन्हा विचारलं. पुन्हा मागं.

मुलगा माझ्याकडं वळला. "मिस्त्री, तारा उलट लागल्या असतील."

तारा मी सकाळीच तपासल्या होत्या. माई माझ्याकडं बघत होत्या, एक हात कमरेवर दाबून.

मी म्हटलं, "असतील." पकड घेतली आणि दोन तारांची अदलाबदल केली.

"नाना, येणार ना?"

रावसाहेबांनी तेच बटण दाबलं. गाडी पुढं गेली.

"हो म्हणाले," माई म्हणाल्या, आणि अंथरुणं बांधायला लागल्या.

रावसाहेब माझ्याकडं बघत तेच बटण दाबत राहिले. गाडी पुढं पुढं जात शेवटच्या स्टेशनात जाऊन उभी राहिली.