रफीकच्या मांडीवरचा डबा

चंद्रपूरच्या उन्हाची थट्टा करू नये. मे महिन्यात इथे रस्त्याचं डांबर पायाला चिकटतं, तिथे लाखेच्या सीलची काय कथा! आणि जप्त मालाचा सीलबंद नमुना नागपूरच्या प्रयोगशाळेत पोचवायचं काम वर्षानुवर्षं रफीक शेख या हवालदाराकडे. वाटेत सीलवरचा ठसा पुसला, तर आतला माल तोच की बदललेला, हे कोणी सांगावं? खटला तिथेच आडवा. म्हणून रफीक नमुन्याचं पाकीट जेवणाच्या रिकाम्या डब्यात ठेवायचा, डब्याला ओला दुपट्टा गुंडाळायचा आणि एस्टीत तान्ह्या लेकरासारखा मांडीवर घेऊन बसायचा. लोक हसायचे. त्याची धाकटी बहीण खातून तर सगळ्यांत जास्त.

१९९८च्या उन्हाळ्यात मात्र तिचं हसू आटलं. तिचा मुलगा बिलाल जिवतीकडून ट्रकवर वाळल्या पाल्याची पोती आणत होता. पोलिसांनी गांजा म्हणून धरला. "अम्मी, जडीबुटीचा पाला होय तो," पोरगं घसा कोरडा करून सांगत होतं. खरं सांगायचं तर आईचाही विश्वास बसला नाही. पोरगं उडाणटप्पू, संगत त्याहून वाईट. वकील हळूच म्हणाला, नमुन्याचं सील बिघडलं तरच काही आशा आहे.

आणि नमुना नेणार कोण? रफीकने साहेबांना विनवून पाहिलं, "साहेब, माहा भाचा होय. दुसऱ्याले पाठवा." पण सगळे बंदोबस्तात अडकलेले. साहेब म्हणाले, तूच जा.

खातूनचं सासर वरोऱ्याला, नागपूरच्या वाटेवरच. एस्टी स्टँडवर लागताच ती आत चढली. सगळे प्रवासी पाणी प्यायला उतरले होते. तापलेल्या गाडीत रफीक एकटा, घामाने निथळत, डबा धरून बसलेला.

"भाईजान, पाकीट काढून बॉनेटवर ठेव ना," तिने हात जोडले. "तू काहीच करू नको. गरमीच करते सारं. तुले कोण बोलन?"

"कोणीच नाई बोलन."

"मंग?"

रफीकचे डोळे भरले, पण डबा हलला नाही. "जा खातून. गाडी सुटते."

भाऊ कसला, वैरी! भर स्टँडवर तिने त्याला शिव्याशाप दिले. पुढच्या ईदला त्याच्या घरून आलेला शीरखुर्मा तिने दारातूनच परत पाठवला.

मग प्रयोगशाळेचा अहवाल आला. पाला रानतुळशीचा होता. सरकारी वकील उसळले: नमुना आरोपीच्या मामानेच नेलेला, वाटेत बदलला असणार! पण प्रयोगशाळेने लिहिलं होतं की सील शाबूत होतं, त्यावरचा ठसा पोलिसांनी वेगळ्या पाठवलेल्या ठशाशी तंतोतंत जुळत होता. सरकारी वकील खाली बसले. तो ठसा जरा जरी फिसकटला असता, तर भाच्याबरोबर मामाही आत गेला असता. बिलाल सुटला.

खातून चंद्रपूरला भावाच्या घरी धावली आणि त्याच्या पायाशी बसून रडली. "तुले मालूम होतं ना, पोरगा खरं बोलते म्हून?"

"नाई," रफीक म्हणाला. "मले त गांजाच वाटला होता."

आपल्याच भाच्याची कैद हा माणूस नागपूरपर्यंत मांडीवर सांभाळत गेला होता, ओल्या दुपट्ट्यात, रडत. असं माणूस आपल्याच आईच्या पोटी जन्मलं, याची तिला भीती वाटली आणि छातीही भरून आली. लहानपणापासून ज्याला अरेतुरे केलं, त्याच्यासमोर तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली.

"भाईजान," ती म्हणाली, "तुम्ही जेवले का?"