तेरा रुपयांचा पाव

इंदुमती काळमेघ सातवीपर्यंतच शिकलेली, पण अंकगणितात तिचा हात धरणारं अमरावतीच्या शाळेत कुणी नव्हतं. लग्न होऊन भोपाळला, पिपलानीला नवऱ्याच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आली, तीही तोच रुबाब घेऊन. एक्क्याऐंशी साली तिच्या नवऱ्याला, काशिनाथला, कारखान्याने वीजघर उभारायला लिबियात पाठवलं. पगार इथल्या बँकेत जमा व्हायचा, तिथे हातखर्चाला महिना चाळीस दिनार.

"एक दिनार माने छब्बीस रुपये समझ लो, बहनजी," बँकेतला बाबू म्हणाला.

चाळीस सव्वीसे हजार चाळीस! माणूस चैनीत आहे म्हणायचा.

मग पहिलं पत्र आलं. 'पाव पन्नास दिरहमला मिळतो,' काशिनाथने लिहिलं होतं. 'सकाळी एक, संध्याकाळी एक. भागतं माझं.'

रुपयाचे पैसे शंभर, तसे दिनाराचे दिरहम शंभर; दुसरं काही असू शकेल हे तिच्या मनातही आलं नाही. पन्नास दिरहम म्हणजे अर्धा दिनार. म्हणजे तेरा रुपये. एका पावाला! बरखेड्याच्या बाजारात तो दीड रुपयाला मिळायचा. रोजचा एक दिनार नुसता पावात गेला, महिन्याचे तीस. उरले दहा. त्यात साबण, भाजी, टपाल? तिने तीनदा हिशेब मांडला, तीनदा तोच आला. आता या माणसाला श्रीमंत म्हणावं की कंगाल, हेच तिला कळेना.

'पोट मारून तिथे राहू नका, परत या,' असं तिने लिहून टाकलं. उत्तराला महिना लागायचा. तोवर तिचा स्वतःचा घास घशाखाली उतरेना. मुलीला वाढायचं आणि आपण एक पोळी खाऊन उठायचं. एके सकाळी नळावर तिला घेरी आली, तशी शेजारच्या सरोजने धरून घरात नेलं आणि खोदून खोदून सगळं काढून घेतलं. सरोजचा भाऊ बाळकृष्ण लिबियातल्या त्याच कामावरून सुट्टीवर आला होता. तिने त्याला बोलावून आणलं.

"वहिनी," तो म्हणाला, "दिनाराचे दिरहम हजार असतात."

"हजार? शंभर नाही?"

"हजार."

इंदुमतीने मनातल्या मनात हिशेब पुन्हा मांडला. "म्हणजे पाव एक रुपया तीस पैशांना? इथल्यापेक्षा स्वस्त? मग भावजी, पैसे असून हे दिवसाला दोनच पाव का खातात?"

"अहो, तिथला पाव हातभर लांब असतो! शिवाय खोलीवर डाळभात शिजतोच."

ती हसली की रडली, सरोजला नक्की सांगता आलं नाही. पण त्या दुपारी ती पोटभर जेवली.

चार दिवसांनी काशिनाथचं उत्तर आलं. 'तुझं पत्र वाचून घाबरलो. घरी काहीतरी झालंय आणि तू लपवते आहेस. परतीचा अर्ज देतो आहे.'

पत्र हातात घेऊन ती तशीच तारघरात धावली. "अर्ज देऊ नका. हिशेब चुकला. सगळे खुशाल." एका शब्दाला किती पडतात, हे तिने विचारलंसुद्धा नाही.

अर्ज साहेबांच्या टेबलावर पोचला होता, पण सही व्हायच्या आत तार पोचली. काशिनाथने अर्ज मागे घेतला. दोन वर्षं पुरी करून तो परतला, तेव्हा त्याची जुनी एकही पँट कमरेला बसेना.